मारहाणीची किरकोळ केस आणि परदेशवारी: सोलापूरकरांनी काय करावं

नव्या पेठेत गाडी लावण्यावरून झालेली धक्काबुक्की, गड्डा यात्रेच्या गर्दीतली हाणामारी, बांधावरून भाऊबंदात उचलला गेलेला हात. अशा भांडणाची पोलिसांत नोंद होते, आठवडाभर घरात ताण राहतो आणि मग जो तो आपल्या कामाला लागतो. दोन वर्षांनी कुणाला शिकायला जर्मनीला जायचं असतं, कुणाला कंपनी अमेरिकेला पाठवते, कुणाला आईवडिलांना उमराहला न्यायचं असतं. नेमकी तेव्हा पासपोर्टच्या पडताळणीत ती जुनी केस वर येते.

साध्या मारहाणीत शिक्षा बहुधा किरकोळच होते. परदेशवारी अडते ती त्या शिक्षेपेक्षा दोन कागदांमुळे. एक म्हणजे कोर्टाच्या अखेरच्या आदेशात काय लिहिलंय, आणि दुसरा म्हणजे फॉर्मवर तुम्ही स्वतः कुठे खूण केलीत. पुढचं सगळं या दोन कागदांभोवती आहे.

तुमच्या हातात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) आहे की एफआयआर?

१ जुलै २०२४ पासून झालेल्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते, त्याआधीच्या घटनांना जुनी दंड संहिता. हाताने, बुक्क्यांनी साधी मारहाण म्हणजे नव्या संहितेचं कलम ११५(२), जुनं ३२३. यात जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या जोडीला शिवीगाळीचं ३५२ (जुनं ५०४) आणि धमकीचं ३५१(२) (जुनं ५०६) हमखास येतात. या दोन्ही कलमांत कमाल शिक्षा दोन वर्षं आहे. म्हणजे मारण्यापेक्षा शिवी आणि धमकीची कमाल शिक्षा जास्त. हा फरक पुढे अमेरिकेच्या व्हिसात फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून ध्यानात ठेवा.

ही तिन्ही कलमं अदखलपात्र आणि जामीनपात्र आहेत. फक्त तीच असतील तर पोलीस एनसी नोंदवतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. एनसी म्हणजे कोर्टात चालू असलेला खटला नव्हे. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये ‘फौजदारी खटला प्रलंबित आहे का’ या प्रश्नाला, नुसती एनसी असेल तर, ‘नाही’ हेच खरं उत्तर आहे.

पण प्रकरण एनसीवर थांबलंय की पुढे गेलंय, हे गृहीत धरू नका. समोरच्याने दंडाधिकाऱ्यांकडे खाजगी फिर्याद दिली असेल तर खटला उभा राहू शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम २२३ प्रमाणे कोर्टाने दखल घेण्याआधी, म्हणजे केस चालवायला घेण्याआधी, तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, त्यामुळे नोटीस येते. ती नोटीस न वाचता ठेवून देऊ नका.

किरकोळ वाटणारी मारहाण गंभीर कलमात जाते ती बहुतेक वेळा दवाखान्याच्या दाखल्यावरून. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी ‘साधी दुखापत’ लिहिलं तर ११५(२). पण हाड मोडलं, दात पडला किंवा तुटला, किंवा माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहिला वा रोजची कामं करू शकला नाही, तर ती ‘गंभीर दुखापत’ होते. मग कलम ११७(२) लागतं, ज्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या कायद्यात ही मुदत २० दिवसांची होती. गज, काठी, दगड अशा वस्तूने मारल्याचं फिर्यादीत असलं तर ११८(१) लागतं. ते दखलपात्र आहे, कमाल शिक्षा तीन वर्षं. त्यामुळे दुखापतीच्या दाखल्याची प्रत लवकर मिळवा आणि वकिलाला दाखवा. दात आधीपासून हलत होता की त्या भांडणात पडला, एवढ्या एका गोष्टीवर कलम बदलू शकतं.

आणखी एक कागद लोकांना गोंधळात टाकतो, तो म्हणजे चॅप्टर केसची नोटीस. भांडण पुन्हा होऊ नये म्हणून शहरात सहायक पोलीस आयुक्तांसमोर आणि गावाकडे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर शांततेचं बंधपत्र करून घेतात. हा गुन्हा नाही आणि शिक्षाही नाही. तरीही पडताळणी करणाऱ्या पोलिसाला तो दिसतो. बंधपत्राची मुदत कधी संपली याचा कागद जपून ठेवा.

पहिल्या आठवड्यात करायची कामं

एफआयआरची प्रत घ्या. आरोपी असलात तरी ती मिळते, आणि संवेदनशील गुन्हे सोडले तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही चढवलेली असते. प्रतीवरचा गु.र. (गुन्हा रजिस्टर) नंबर, वर्ष, पोलीस ठाणं आणि कलमं एका कागदावर उतरवून घ्या. फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, विजापूर नाका ही शहर आयुक्तालयाची ठाणी. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट भागातलं प्रकरण ग्रामीण पोलिसांकडे. पडताळणीचा अहवालही याच विभागणीने जातो.

आता नाव बघा. एफआयआरमध्ये फिर्यादीने सांगितलेलं नाव लिहिलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा हाकेचं नाव असतं. पासपोर्टवर ‘राजेंद्र’ आणि गुन्ह्यात ‘राजू’, वडिलांचं नाव चुकलेलं, वय तीन वर्षांनी कमी. आज ही चूक सोयीची वाटते. पुढे निर्दोष सुटल्याचा आदेश दूतावासाला दाखवायची वेळ आली की तो तुमचाच आहे हे सिद्ध करता येत नाही. जबाबात, जामिनाच्या कागदांत आणि वकीलपत्रावर पासपोर्टवरचं पूर्ण नाव ‘उर्फ’सह लिहून घ्या.

अटक झाली की नाही हेही नेमकं माहीत हवं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस बहुधा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगतात. ही अटक नव्हे. पण ठाण्यातच अटक दाखवून लगेच जामिनावर सोडलं असेल, तर कोठडीत एक तासही न बसता कागदोपत्री अटक झालेली असते. ‘मला आत टाकलं नव्हतं’ म्हणून अटक झाली नाही असं समजणारे पुढे व्हिसाच्या फॉर्मवर फसतात. अटकेचा फॉर्म भरला गेला का, हे वकिलाकडून तपासून घ्या.

जामिनाच्या अटी शब्दशः वाचा. ‘न्यायालयाच्या परवानगीशिवाय भारत सोडू नये’ अशी ओळ असेल तर नेपाळलासुद्धा परवानगीशिवाय जाता येत नाही, मग तिथे पासपोर्ट लागत नसला तरी. पोलिसांनी पासपोर्ट घेतला असेल तर पावती मागा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुरेश नंदा प्रकरणात सांगितलंय की पोलिसांना पासपोर्ट जप्त करता येतो, पण तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट कायद्याखाली फक्त पासपोर्ट अधिकाऱ्याला आहे. तो परत मिळवण्याचा अर्ज त्याच कोर्टात करायचा.

पत्ता बदलला की वॉरंट निघतं

सोलापुरातल्या तरुण मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. भांडण झालं तेव्हा घर अशोक चौकात, नंतर नोकरीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला. दोषारोपपत्र दाखल होतं, समन्स जुन्या पत्त्यावर येतं, घरात कुणी नसतं किंवा वडील मुलाला त्रास नको म्हणून सांगतच नाहीत. दोन-तीन तारखा चुकल्या की आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट. मारहाणीची केस लहान असते, पण चालू वॉरंट हे पासपोर्ट नाकारायचं स्वतंत्र कारण आहे, पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(जी).

म्हणून ई-कोर्ट्सच्या ॲपवर महिन्यातून एकदा स्वतःचं नाव आणि गु.र. नंबर टाकून शोधा. केस सापडली की १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळतो, तो जपून ठेवा. केसच्या आधी एससीसी किंवा आरसीसी लिहिलेलं असतं. पहिला संक्षिप्त खटला, दुसरा नियमित. वॉरंट निघालेलं दिसलं तर विमानतळावर कळायची वाट बघू नका. वकिलाबरोबर कोर्टात स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करून घ्या. स्वतःहून आलेल्या माणसाला दंडाधिकारी बहुधा थोड्या खर्चावर किंवा नव्या जातमुचलक्यावर सोडतात.

पासपोर्ट: कुठे अडतो, कुठे अडत नाही

१९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(एफ) सांगतं की भारतातल्या फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. यातला मुख्य शब्द ‘न्यायालयात’ हा आहे. परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या कार्यालयीन पत्रात स्पष्ट केलंय की नुसता एफआयआर आहे, तपास चालू आहे आणि कोर्टाने अजून दखल घेतलेली नाही, तर हे कलम लागत नाही. पडताळणीत पोलिसांनी ‘गुन्हा दाखल’ एवढंच लिहून प्रतिकूल अहवाल पाठवला आणि खुलाशाची नोटीस आली, तर उत्तरात या पत्राची तारीख लिहा, एफआयआरची प्रत जोडा आणि दोषारोपपत्र दाखल नाही हे ई-कोर्ट्सच्या छापील पानाने दाखवा. अर्जाची भेट सोलापुरात झाली तरी निर्णय पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाचा असतो. त्यामुळे नोटिशीचं उत्तर तिकडे, नोटिशीत दिलेल्या मुदतीतच पोचलं पाहिजे.

हातात आधीच चालू पासपोर्ट असेल तर केस झाली म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. तो काढून घ्यायचा असेल तर कलम १०(३) खाली लेखी आदेश व्हावा लागतो. जामिनाची अट नाही, वॉरंट नाही, असा आदेशही नाही, तर प्रवासाला पासपोर्ट कायद्याची आडकाठी नाही. अडचण येते ती मुदत संपताना, नव्याने अर्ज करायच्या वेळी.

फॉर्मवर खरं लिहा. खटला चालू असताना ‘नाही’ वर खूण करणं हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय खोट्या माहितीवर घेतलेला पासपोर्ट नंतर कधीही काढून घेता येतो. ‘एजंटने भरला’ हे उत्तर चालत नाही, कारण खाली सही तुमची असते.

खटला चालू असताना जायचं असेल तर

१९९३ साली सरकारने यासाठी एक वाट करून ठेवली आहे. २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना जीएसआर ५७०(ई) म्हणते की खटला चालवणाऱ्या कोर्टाने परदेशी जायची परवानगी दिली तर ६(२)(एफ) ची अडचण राहत नाही. पासपोर्टची मुदत मात्र आदेशात काय लिहिलंय त्यावर ठरते. आदेशात पासपोर्टच्या मुदतीचा उल्लेख असेल तर तेवढी. आदेशात मुदतच दिली नसेल तर एक वर्ष. प्रवासाचा काळ दिलाय पण तो वर्षापेक्षा कमी आहे आणि पासपोर्टची मुदत लिहिलेली नाही, तरीही एकच वर्ष.

इथे वकील आणि अशील दोघेही चुकतात. अर्जात फक्त ‘परदेशी जाण्यास परवानगी मिळावी’ अशी मागणी असते, कोर्ट तेवढीच देतं आणि हातात एक वर्षाचा पासपोर्ट पडतो. बरेच देश पोचल्यानंतर सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात आणि विद्यापीठाचा कोर्स दोन वर्षांचा असतो, म्हणजे तो पासपोर्ट जवळजवळ निरुपयोगी. मागणीचा परिच्छेद साधारण असा हवा:

‘अर्जदारास दि. … ते दि. … या कालावधीत … या देशात जाण्यास परवानगी द्यावी. तसेच अर्जदाराचा पासपोर्ट पूर्ण १० वर्षांच्या मुदतीसाठी देण्यास न्यायालयाची हरकत नसल्याचे व अधिसूचना जीएसआर ५७०(ई), दि. २५/०८/१९९३ नुसार पासपोर्टची मुदत आदेशात नमूद करावी.’

कोर्ट दहा वर्षं देईलच असं नाही, पण मागितल्याशिवाय एकाहून जास्त मिळणं कठीण. पासपोर्ट आणि प्रवास या दोन मागण्या वेगळ्या ठेवल्या तर एक आधी मंजूर होऊ शकते. पासपोर्ट आधी काढून ठेवा, तारखा ठरल्या की प्रवासाची परवानगी घ्या.

अर्जाला जोडायचे कागद: विद्यापीठाचं प्रवेशपत्र किंवा कंपनीचं पत्र, तिथला राहायचा पत्ता, प्रवासाचा ढोबळ आराखडा, सोलापुरातली मुळं दाखवणारे कागद (घराचा उतारा, नोकरीचा किंवा दुकानाचा पुरावा, कुटुंब), आणि ‘तारखेला वकील हजर राहतील, माझ्या ओळखीबद्दल वाद घेणार नाही, बोलावल्यास परत येईन’ असं प्रतिज्ञापत्र. त्याबरोबरच हजेरी माफीचा अर्ज द्या, नाहीतर तुम्ही तिकडे आणि इकडे तारखेला गैरहजरीचा शेरा.

वेळ किती धरावा? अर्ज दिल्यावर कोर्ट सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणं) मागतं, सरकारी वकील पोलीस ठाण्याचं म्हणणं मागवतात आणि तपास अंमलदार बंदोबस्तावर असतात. तीन-चार तारखा सहज जातात. मे आणि दिवाळीच्या सुट्ट्या मधे आल्या तर आणखी. निघायच्या दिवसाआधी किमान दोन महिने अर्ज कोर्टात असावा. तिकीट मात्र आधी काढू नका. काहींना वाटतं की तिकीट दाखवलं की कोर्टावर दबाव येतो. तसं होत नाही, उलट ‘परवानगी गृहीत धरली’ असा सूर लागतो. अर्ज नाकारला गेला तर सत्र न्यायालयात जाता येतं, आणि त्यालाही वेळ लागतोच.

केस संपवताना: दंड भरून मोकळं होऊ नका

या सगळ्या माहितीतला हा भाग मन लावून वाचा.

कोर्टाच्या आवारात, लोकअदालतीच्या दिवशी, ओळखीचा कुणीतरी सांगतो: ‘गुन्हा कबूल करा, हजार-दोन हजार दंड भरा, संध्याकाळपर्यंत मोकळे.’ पासपोर्टपुरतं हे खरंही असतं. दंड भरला की खटला प्रलंबित राहत नाही. शिक्षा झालेल्याला पासपोर्ट नाकारायचा तर कायद्याला मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा लागते. दंडाची पावती त्यात बसत नाही. म्हणून सल्ला देणाऱ्याला आपण भलं केलं असं वाटतं.

व्हिसाच्या दृष्टीने मात्र तुम्ही आयुष्यभरासाठी ‘दोषी’ झालात. दंड १०० रुपयांचा असो की १०,००० चा, आदेशात ‘दोषी ठरवण्यात येत आहे’ लिहिलेलं असतं. शिवाय कबुली एका कलमाची होत नाही. दोषारोपपत्रात ११५(२), ३५२ आणि ३५१(२) असेल तर तिन्ही कबूल होतात, धमकीसकट. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर किंवा ताकीद देऊन सोडलं, तरी आधी दोषी ठरवलेलंच असतं. आपल्या १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याने इथली अपात्रता जाते. परदेशी अधिकारी त्याकडे शिक्षा म्हणूनच बघू शकतो.

याच्या उलट रस्ता तडजोडीचा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ प्रमाणे ११५(२), ३५२ आणि ३५१(२) या कलमांत फिर्यादीला तडजोड करता येते, आणि तडजोड नोंदली गेली की तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. दोन्हींना एकच दिवस लागतो, एकाच कोर्टात होतं, पण एका कागदावर ‘दोषी’ असतं आणि दुसऱ्यावर ‘निर्दोष मुक्त’. त्यामुळे लोकअदालतीत सही करण्याआधी पुरसिसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) काय लिहिलंय ते स्वतः वाचा. ‘आरोपीस गुन्हा कबूल’ ही ओळ असेल तर थांबा.

तडजोड कोर्टात नोंदवायची असते. गावच्या पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेली आणि कपाटात ठेवलेली तडजोड कोर्टाला दिसत नाही. केस चालूच राहते. क्रॉस केस असेल, म्हणजे दोघांनीही एकमेकांवर फिर्याद दिली असेल, तर दोन्ही केसेस एकाच दिवशी मिटवा. एक मिटली आणि दुसरी राहिली की ज्याची राहिली त्याच्या हाती दोरी जाते.

गंभीर दुखापतीच्या ११७(२) मध्ये कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते. ११८(१) तडजोडीच्या यादीत नाही. तिथे दोन्ही पक्षांच्या संमतीने उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. मिटलेल्या खाजगी भांडणात असं करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ग्यान सिंग निकालात मान्य केलंय. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. फिर्यादीचं प्रतिज्ञापत्र लागतं आणि बहुतेक वेळा त्याला कोर्टासमोर उभंही राहावं लागतं, तेव्हा त्याच्या येण्याजाण्याची सोय करा.

पोलिसांना तपासात काही आढळलं नाही तर ते केस बंद करण्याचा समरी अहवाल देतात. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा खरी-खोटी ठरवता न आलेली. अहवाल पाठवला म्हणजे काम झालं नाही, दंडाधिकाऱ्यांनी तो मंजूर केलेला आदेश हवा.

मुदतीचंही बघून घ्या. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात एका वर्षाच्या आत आणि तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात तीन वर्षांच्या आत कोर्टात फिर्याद दाखल किंवा एफआयआर नोंद झालेली असली पाहिजे. उशिरा आलेल्या केसमध्ये वकिलाने हा मुद्दा पहिल्याच तारखेला मांडावा.

घटनेच्या वेळी वय १८ च्या आत असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि २०१५ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्यातून कोणतीही अपात्रता चिकटत नाही. बारावीतल्या मुलाला घाईघाईने मोठ्यांच्या कोर्टात उभं करू नका, आधी जन्मदाखला दाखवा.

व्हिसाच्या फॉर्मवर क्रियापद वाचा

प्रत्येक देश वेगळं विचारतो. प्रश्न ‘अटक झाली होती का’ असा आहे, ‘आरोप ठेवला गेला का’ असा आहे की ‘दोषी ठरलात का’ असा, त्यावर उत्तर बदलतं.

अमेरिकेचा डीएस-१६० फॉर्म अटक आणि शिक्षा दोन्ही विचारतो, नंतर माफी मिळाली असली तरी. म्हणजे निर्दोष सुटलेल्यानेही, कागदोपत्री अटक झाली असेल तर, ‘होय’ लिहायचं आणि खाली दोन ओळींत तारीख, कलम, निकाल सांगायचा. साधी मारहाण तिथे सहसा नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरत नाहीत. धरला तरी एक सवलत आहे: आयुष्यात एकच गुन्हा, त्याची कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नाही आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या आत. ११५(२) एकटं या चौकटीत बसतं. त्याच्याबरोबर ३५१(२) कबूल केलं की गुन्हा एकच राहत नाही आणि कमाल शिक्षाही दोन वर्षांची होते. हजार रुपयांच्या दंडाने घालवलेली सवलत ती हीच. आणि खोटं उत्तर सापडलं तर प्रवेशबंदी कायमची.

कॅनडा साध्या मारहाणीतही सगळ्यात कडक आहे. ते तुमचा गुन्हा त्यांच्या स्वतःच्या कायद्यात बसवून बघतात. त्यांच्याकडे मारहाणीच्या कलमात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, म्हणून इथला ५०० रुपयांचा दंडही तिथे प्रवेशाला अडथळा ठरतो. शिक्षा पूर्ण होऊन, म्हणजे दंड भरून, पाच वर्षं झाली की पुनर्वसनाचा, म्हणजे जुन्या गुन्ह्याचा अडथळा हटवण्याचा, अर्ज करता येतो. एकच असा गुन्हा असेल तर दहा वर्षांनी अडथळा आपोआप गळतो. माहिती लपवली तर पाच वर्षांची बंदी. मुलगा कॅनडाला जायची शक्यता असेल तर कबुलीचा विचारही करू नका.

ब्रिटनच्या पर्यटन व्हिसात दंडासारखी शिक्षा झाल्यापासून पहिले १२ महिने अर्ज बहुधा नाकारला जातो, त्यानंतर परिस्थिती बघतात. प्रलंबित खटलाही तिथे विचारतात, आणि फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत बंदी आहे. ऑस्ट्रेलियात १२ महिने किंवा जास्त कैद ही मुख्य रेषा आहे, पण प्रलंबित आरोपही सांगावे लागतात. युरोपातल्या शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या सामाईक फॉर्मवर गुन्ह्यांचा प्रश्नच नाही. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या लांब मुदतीच्या व्हिसाचे फॉर्म वेगळे, ते स्वतंत्रपणे वाचा. आखातातल्या नोकरीसाठी पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) मागितला जाऊ शकतो. तो पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून काढायचा, शुल्क ५०० रुपये. राज्य पोलिसांचा चारित्र्य दाखला इथल्या नोकरीसाठी ठीक, दूतावासाला सहसा पहिलाच लागतो. खटला चालू असताना तो स्वच्छ मिळणार नाही, म्हणून नोकरीचा करार करण्याआधी केस मिटवा.

निकालानंतरचे कागद

आदेश झाला त्याच आठवड्यात नक्कल विभागात अर्ज करा आणि किमान तीन प्रमाणित नकला घ्या: अंतिम आदेश, दोषारोपपत्र आणि एफआयआर. दहा वर्षांनी जुन्या फाइली नष्ट झालेल्या असू शकतात आणि तेव्हा दूतावासाला ‘कोर्टात कागद नाही’ हे पटवणं फार जड जातं. आदेश मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून नोटरीची सही घ्या. भाषांतरात ‘तडजोडीने निर्दोष मुक्त’ याचं नुसतं ‘केस मिटली’ होऊ देऊ नका. कलम ३५९ आणि निर्दोष मुक्ततेचा उल्लेख जसाच्या तसा यायला हवा.

एक प्रत पोलीस ठाण्यात अर्जासह द्या आणि पोच घ्या. संगणकातल्या नोंदीत निकाल आपोआप चढतोच असं नाही. नोंद तशीच राहिली की पुढच्या पडताळणीत पुन्हा ‘केस प्रलंबित’ असा अहवाल जातो. मधल्या काळात एक वर्षाचा पासपोर्ट मिळाला असेल तर आदेशाची नक्कल जोडून पूर्ण मुदतीच्या पासपोर्टसाठी नव्याने अर्ज करा. ३६ पानांच्या साध्या अर्जाला १,५०० रुपये लागतात. पडताळणीला पोलीस घरी येतील त्या दिवशी पोच आणि नक्कल वडीलधाऱ्यांच्या हाताशी ठेवा, कारण तुम्ही पुण्यात असाल आणि दार तेच उघडतील.